आंबा इथला, कापूस घाटावरचा: तलम कापडामागचे 50 दिवस

आमच्या परड्यात एक जुनी काटेसावर आहे आणि पुढच्या अंगणात, तुळशीपासून चार पावलांवर, देवकापसाचं झुडूप. कापूस दोघांनाही येतो. देवकापसाच्या आजी वाती वळायची, गणपतीत वस्त्रमाळा करायची. सावरीचा कापूस मात्र थेट उशीत जायचा. लहानपणी एकदा मी सावरीचा कापूस घेऊन वात वळायला बसलो. बोटांना तो रेशमासारखा लागत होता, देवकापसापेक्षा चमकतही होता. पण पीळ द्यावा आणि हात काढावा, तर वात उलगडून पुन्हा भुसभुशीत. आजी लांबूनच म्हणाली, “झिला, तेका पीळ बसूचो नाय.”

का बसत नाही, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं, आणि चांगल्या कापडाचं अर्धं कोडं त्याच उत्तरात सुटतं.

कपाशीचा तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी. आपल्या केसाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकी बारीक, पण जाडीच्या हजार-दोन हजार पट लांब. एकेका सरकीवर असे 10,000 हून जास्त तंतू असतात. बोंड बंद असतं तोवर हा तंतू म्हणजे पाण्याने भरलेली गोल नळी. बोंड फुटलं, ऊन-वारा लागला, की नळी वाळते, चपटी होते आणि वाळता वाळता स्वतःच पीळ घेते. हे पीळ शेजारच्या तंतूंच्या पिळांत अडकतात, म्हणून कापसाचं सूत होतं. सावरीचा तंतू पोकळ, मेणचट आणि गुळगुळीत. तो वाळूनही गोलच राहतो, त्याला पीळ पडत नाही. तंतू एकमेकांवरून घसरतात. उशीला तो उत्तम, सुताला निरुपयोगी.

म्हणजे कापडाचा दर्जा ठरायला मागापासून किंवा गिरणीपासून नाही, बोंडापासून सुरुवात होते.

आमचं कणकवलीला कापडाचं दुकान आहे. मे महिन्यात चाकरमानी येतात, लग्नाचे बस्ते बांधले जातात, आणि हल्ली कोणी ना कोणी कापडावरचं लेबल वाचून विचारतंच, “हे इजिप्शियन कॉटन खरंच तिकडचं का हो? आपल्या यवतमाळच्या कापसात आणि ह्यात एवढा कसला फरक?” प्रश्न रास्त आहे. आणि देवगडचा हापूस नि कर्नाटकातला हापूस नुसत्या वासावर वेगळा काढणाऱ्या माणसाला उत्तर समजायला वेळ लागत नाही. कलम तेच असतं. कातळावर, खाऱ्या वाऱ्यात लावलं की एक फळ येतं. घाटापलीकडे दुसऱ्या मातीत, दुसऱ्या हवेत लावलं की त्याची साल, रंग, वास, गोडी सगळंच थोडं सरकतं. म्हणून तर 2018 मध्ये कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. पण याची दुसरी बाजूही आपण जाणतो. देवगडच्या कातळात रायवळाची कोय पुरली म्हणून हापूस येत नाही. आधी बी लागतं, मग जागा.

कापसाचं बी चार जातींचं. आर्बोरियम आणि हर्बेशियम या आपल्याकडच्या जुन्या, देशी. हिर्सुटम आणि बार्बाडेन्स या अमेरिका खंडातून आलेल्या. आज जगातला नव्वद टक्क्यांहून जास्त कापूस हिर्सुटमचा आहे, विदर्भ-मराठवाड्यातली बीटी वाणंही बहुतेक त्याचीच. इजिप्शियन, पिमा, सी आयलंड आणि आपलं सुविन ही नावं मात्र बार्बाडेन्सची. देशी कापसाचा तंतू साधारण 20 मिलिमीटरच्या आसपास, हिर्सुटमचा 28 ते 30, बार्बाडेन्सचा 33 च्या पुढे. भारतात 32.5 मिलिमीटर आणि त्याहून लांब तंतूच्या कापसाला ‘अतिलांब धाग्याचा’ म्हणतात. तंतू जास्तीत जास्त किती वाढू शकतो, ही मर्यादा बियाची. तिथपर्यंत पोचायचं की अलीकडेच थांबायचं, हे जागा ठरवते. आणि जागेला ते ठरवायला मुदत मिळते फक्त 50 दिवसांची, फूल उमलल्यापासून बोंड फुटेपर्यंत.

फूल ते बोंड

कपाशीचं फूल सकाळी उमलतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी पडतं. ज्या दिवशी ते उमलतं त्याच दिवशी आत सरकीच्या सालीवर तंतू डोकं वर काढतात. पुढचे तीन आठवडे त्यांना एकच काम: लांब होणं. ही वाढ पाण्याच्या दाबावर होते. फुगा फुगवताना हवा आतून ढकलते, तसं पेशीतलं पाणी तिची नळी आतून ताणत नेतं. ऐन भरात तंतू दिवसाला दीड-दोन मिलिमीटरने वाढतो. आता त्याच आठवड्यात पाऊस दडी मारून बसला, मुळाशी ओल नसली, की दाब उतरतो आणि तंतू आखूड राहतो. नंतर कितीही पाणी द्या, गेलेली लांबी परत येत नाही. ज्याला बोलीत ‘वय निघून गेलं’ म्हणतात, तसं.

लांबी पुरी होत आली की दुसरं काम सुरू होतं, भरणीचं. नळीच्या आतून सेल्युलोजचे थर चढायला लागतात. हे आणखी तीन-चार आठवडे चालतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इजिप्तमध्ये काम करणाऱ्या लॉरेन्स बॉल्स या शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली तंतूचा छेद फुगवून पाहिला, तेव्हा त्याला झाडाच्या खोडात असतात तशी वलयं दिसली. खोडात वर्षाला एक वलय, इथे दिवसाला एक. दिवसा ऊन आणि रात्री गारवा यांची ती रोजची नोंद. मला ही गोष्ट फार विलक्षण वाटते. अंगातल्या सदऱ्याच्या प्रत्येक तंतूत कुठल्या तरी शेतातल्या पंचवीस-तीस दिवसांचं हवामान थराथराने लिहिलेलं आहे.

या भरणीला उजेड हवा आणि रात्रीही ऊब हवी. रात्रीचं तापमान 20-22 अंशांखाली गेलं की सेल्युलोज चढण्याचा वेग मंदावतो. ढगाळ दिवस फार झाले की पानं साखर कमी करतात आणि भरणीला माल कमी पडतो. मग तंतू लांब असला तरी आतून रिकामा राहतो. भातातला पोचट दाणा आठवा. टरफल पुरं, आत तांदूळ नाही. असा पोचट तंतू वाळताना नीट पीळ घेत नाही, पिंजताना तुटतो, त्याच्या बारीक गाठी होतात, आणि रंग धरत नाही. गडद निळ्या किंवा काळ्या नव्या सदऱ्यावर कधी कधी खसखशीएवढे पांढुरके ठिपके दिसतात, घासून जात नाहीत. बहुतेक वेळा तो रंगाऱ्याचा दोष नसतो. ते न भरलेले तंतू असतात.

उलट टोकही वाईट. ऊन अति तापलं तर तंतू लवकर जाड होतो, लांबीला वेळ मिळत नाही, कापड खरबरीत लागतं. म्हणून तलम कापसाला हवी ती मधली हवा: भरपूर ऊन, पण भाजणारं नाही; मुळाशी सतत ओल, पण पाणी तुंबलेलं नाही; उबदार रात्री; आणि शेवटी, बोंड फुटताना, लख्ख कोरडी हवा.

एक तांत्रिक शब्द इथेच उरकून घेतो, कारण कापसाच्या व्यापारात तो सतत येतो: मायक्रोनेअर. ठरलेल्या वजनाच्या कापसातून हवा सोडून ती किती अडते ते मोजतात. तंतू बारीक तर हवा जास्त अडते आणि आकडा कमी येतो. हिर्सुटमसाठी 3.7 ते 4.2 चांगला मानतात. पण कमी आकड्याचे अर्थ दोन. तंतू जातीचाच बारीक असेल, जिरेसाळ तांदळासारखा, तर उत्तम. पोचट असल्यामुळे बारीक असेल तर वाईट. यंत्राला दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून मुरलेला व्यापारी आकड्याबरोबर गाव आणि वेचणी कितवी, हेही विचारतो.

मग कोकणात का नाही

आजीचं दुसरं एक वाक्य होतं, “आंबो हयसरचो, कापूस घाटावरचो.” ती ते शिस्तीसारखं म्हणायची, जणू वाटणीच झाली होती. आणि ते तंतोतंत खरं आहे.

गंमत म्हणजे तापमान पाहिलं तर कोकण कपाशीला चालण्यासारखं आहे. समुद्रामुळे इथे रात्री फार गारठत नाहीत, दिवसही विदर्भासारखे भाजत नाहीत. घात होतो तो पावसाने. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. खरिपाची कपाशी लावली तर पाती, म्हणजे फुलाच्या कळ्या, आणि फुलं नेमकी श्रावणाच्या झडीत सापडतात. पराग भिजतो, पाती गळतात, सूर्य आठ-आठ दिवस दिसत नाही. जी बोंडं धरतील ती आतून कुजतात. एखादं फुटलंच तर कापूस पाणी पिऊन करडा पडतो.

बरं, पावसानंतर लावावी, तर माती धरत नाही. इथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. विदर्भाची काळी कसदार जमीन आणि रत्नागिरीचा जांभा, दोन्ही बहुतांशी एकाच काळ्या पाषाणातून झालेले आहेत, सह्याद्री ज्याचा बनला त्याच लाव्हाच्या खडकातून. घाटापलीकडे पाऊस कमी, त्यामुळे खडक झिजून त्याची चिकण, ओल धरून ठेवणारी काळी माती झाली. अलीकडे लाखो वर्षं धो धो पाऊस कोसळला, त्याने चुना-पोटॅश सगळं धुऊन नेलं, मागे लोखंडाने लाल झालेला सच्छिद्र जांभा उरला. पाणी पडलं की आरपार. काळी माती पाऊस थांबल्यावरही कपाशीला कित्येक आठवडे पाजत राहते. जांभ्यावर आश्विनातच धूळ उडते. एकाच आईची दोन लेकरं, एक साठवणारं आणि एक उधळं.

देवकापूस अंगणात जगतो तो आपण रोज तांब्याभर पाणी घालतो म्हणून, आणि त्याला पोसायचं असतं दहा-वीस बोंडांपुरतंच.

बागेतलं झाड आणि समुद्रातली बेटं

इजिप्तच्या नामवंत कापसाची सुरुवातही अशाच एका घरगुती झाडापासून झाली. 1820 च्या सुमाराला लुई ज्युमेल नावाच्या फ्रेंच माणसाने कैरोतल्या एका बागेत शोभेसाठी वाढवलेली कपाशी पाहिली. तिचा धागा लांब आणि बळकट होता. तेव्हाचा सत्ताधीश महंमद अली याने ती नाईलच्या त्रिभुज प्रदेशात मोठ्या प्रमाणात लावायला घेतली. पुढे तिच्यात सी आयलंडचं रक्त मिसळलं आणि गिझा नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाणांची परंपरा तयार झाली.

त्या त्रिभुज प्रदेशात असं आहे तरी काय? वर सांगितलेल्या 50 दिवसांची चारही पथ्यं. कैरोत वर्षाला 25-30 मिलिमीटर पाऊस, म्हणजे आपल्याकडे मृगाच्या एका दुपारी पडतो त्याहून कमी. ढग जवळपास नाहीतच, सगळा उन्हाळा स्वच्छ उजेड. पाणी आभाळावर सोडलेलं नाही, नाईलच्या कालव्यांतून हवं तेव्हा मिळतं, त्यामुळे लांबी वाढायच्या आठवड्यांत ताण पडत नाही. भूमध्य समुद्राची दमट हवा उन्हाची धार कमी करते. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात बोंडं फुटतात तेव्हा वर पाऊस नाही, म्हणून कापूस पांढरा राहतो, शिवाय तो हाताने वेचतात. त्याच देशात दक्षिणेकडे, समुद्रापासून लांब, हवा जास्त तापते. तिथे अतिलांब वाणं लावत नाहीत, थोड्या आखूड धाग्याची लावतात. 1970 मध्ये आस्वानचं मोठं धरण पुरं झालं आणि पुराबरोबर येणारा गाळ थांबला, तरी चांगला कापूस पिकत राहिला. गाळाच्या कथा फार सांगितल्या जातात; माझ्या मते पाणी, ऊन आणि कोरडं आभाळ यांचा वाटा मोठा.

सी आयलंडची गोष्ट याहून बोलकी आहे. अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना आणि जॉर्जियाच्या किनाऱ्याला लागून असलेल्या बेटांवर अठराव्या शतकाच्या अखेरीस बार्बाडेन्सचं बी आलं. समुद्रामुळे तिथे थंडी उशिरा येते, म्हणून सावकाश पिकणाऱ्या झाडाला भरणीसाठी लांबलचक हंगाम मिळाला. मळेवाले खाडीचा चिखल शेतात टाकत. तेव्हा जगातला सर्वात उंची कापूस तो. मग इतरांनी तेच बी जॉर्जिया-फ्लोरिडाच्या आतल्या भागात नेलं. कापूस आला, पण धागा आखूड आणि जाडसर, इतका की व्यापारी त्याला बेटांच्या कापसात मिसळू देत नसत, वेगळ्या नावाने विकत. हापूसच्या पेट्यांवरून होणारं भांडण दोनशे वर्षांपूर्वी कापसात होऊन गेलेलं आहे. बेटांवरचं हे पीक 1920 च्या आसपास बोंडभुंग्याने संपवलं. कॅरिबियन बेटांवर ते थोडंसं तगून राहिलं. अमेरिकेतलं आजचं पिमा मुख्यतः कॅलिफोर्नियात, कालव्याच्या पाण्यावर आणि कोरड्या उन्हात पिकतं.

आपला कापूस

एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या बाजारात भारतीय कापूस गावांच्या नावाने ओळखत: ‘ढोलेरा’, ‘ब्रोच’ म्हणजे भरूच, ‘हिंगणघाट’ आणि ‘ऊमरा’. हे ऊमरा म्हणजे उमरावती, आपली अमरावती. हिंगणघाटच्या देशी कापसाला चांगलं नाव होतं. म्हणजे जागेवरून कापूस ओळखायची रीत आपल्याला नवी नाही, आपणच ती विसरलो.

विदर्भातली कपाशी बहुतेक कोरडवाहू. जूनमध्ये पावसावर पेरायची, ऑगस्ट-सप्टेंबरात फुलं-बोंडं, दसरा-दिवाळीला पहिली वेचणी. काळी जमीन खोल असेल आणि हस्ताचा पाऊस वेळेवर पडला तर पहिल्या-दुसऱ्या वेचणीचा कापूस कुठेही मान वर करून उभा राहील असा असतो. पण त्याच झाडावर पुढची बोंडं डिसेंबर-जानेवारीत भरतात. तोवर जमिनीतली ओल संपलेली असते आणि रात्री कडाक्याच्या. वर सांगितलेली दोन्ही पथ्यं मोडतात: लांबीला पाणी नाही, भरणीला ऊब नाही. शेवटच्या वेचणीचा किंवा फरदडीचा (हंगाम संपल्यावरही रानात ठेवलेल्या पिकाचा) कापूस आखूड, पोचट आणि बोंडअळीने डागाळलेला निघतो तो यामुळे. बरड, उथळ रानात हेच महिनाभर आधी होतं. एक गाव, एक वाण, एकच हंगाम, आणि दोन वेचण्यांचे दोन कापूस. यात शेतकऱ्याची चूक नाही. पाणी त्याच्या हातात नसतं, नाईलकाठच्या शेतकऱ्याच्या हातात असतं. कापसाच्या दर्जाबद्दल बोलताना हा फरक विसरून विदर्भाला नावं ठेवणाऱ्यांचा मला राग येतो.

आणि आपल्याकडे अतिलांब धागा होत नाही असंही नाही. 1974 मध्ये कोइमतूरला सुविन तयार झालं. सुजाता या वाणाचा सेंट व्हिन्सेंट या सी आयलंड वाणाशी संकर, आणि नावही दोघांचं मिळून: ‘सु’ आणि ‘विन’. सुजाता स्वतः इजिप्तच्या कार्नाक वाणातून निवडलेलं. म्हणजे नाईल आणि कॅरिबियन समुद्र तमिळनाडूत एकत्र आले. सेलम जिल्ह्यातल्या आत्तूर भागात ते पिकलं, 38 मिलिमीटरच्या घरातला धागा, जगातल्या उत्तम कापसांत गणना. पण पीक लांबणारं, उत्पन्न कमी, किडीला नाजूक. क्षेत्र आटत गेलं. डीसीएच-32 हा धारवाडचा संकर कर्नाटकात आणि मध्य प्रदेशात रतलाम-झाबुआकडे लावतात, तोही लांब धाग्याचा. तरी अतिलांब कापूस आपल्याला आयात करावा लागतोच.

लांबीचं एवढं काय, ते सुताच्या हिशोबात दिसतं. काउंट म्हणजे सुताच्या बारीकपणाचा आकडा. 40 काउंटचं सूत म्हणजे एका ग्रॅमला सुमारे 68 मीटर. 100 काउंटचं म्हणजे 169 मीटर. तेवढाच कापूस अडीचपट लांब ओढायचा, तर सुताच्या आडव्या छेदात तंतू कमी उरतात, आणि त्या थोड्यांनी एकमेकांना घट्ट धरायचं असतं. लांब तंतू शेजाऱ्याला जास्त अंतर धरून ठेवतो. आखूड तंतूंची टोकं जास्त, ती सुताबाहेर डोकावतात, कापड केसाळ दिसतं आणि धुण्यात त्या केसांचे गोळे होतात. लांब तंतूच्या सदऱ्याला जी शांत चकाकी असते ती कमी टोकांची. जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी वेगळी काढताना, रुई ओरबाडली गेली तर लांबी तिथेही तुटते, म्हणून अतिलांब कापूस करवती जिनिंगवर घालत नाहीत, रोलरवरच सरकी काढतात.

दमट हवेचं देणं

इतकं वाचून कोणी म्हणेल, लांब धागा म्हणजे तलम कापड, विषय संपला. पण ढाक्याची मलमल हे मान्य करत नाही. ती ज्या फुटी कार्पास नावाच्या देशी कपाशीची, ती मेघना नदीच्या काठी पिकायची आणि तिचा तंतू आखूड होता. आजच्या गिरणीत त्याचं सूत टिकणार नाही. बायका ते हाताने कातत, भल्या पहाटे, हवेत ओल असताना, पाण्याच्या जवळ बसून. कापूस हवेतलं पाणी पितो आणि ओला झाल्यावर आणखी बळकट होतो. कोरड्या हवेत जो तंतू तुटला असता तो दमट हवेत वाकतो आणि वळतो. म्हणजे जागेचं काम बोंड फुटल्यावर थांबत नाही. कताईच्या खोलीतल्या हवेतही ती असते.

आणि इथे कोकण या गोष्टीत शिरतं. 1854 मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या सूतगिरणीची मुहूर्तमेढ रोवली. कापूस यायचा वऱ्हाड, खानदेश, गुजरातेतून. हवा होती किनाऱ्याची, सुताला मानवणारी. आणि हात होते मोठ्या संख्येने रत्नागिरीचे, तेव्हा सिंधुदुर्गही त्याच जिल्ह्यात. परळ-लालबागच्या साच्यांवर आणि मागांवर आमच्या गावातल्या जवळपास प्रत्येक घरातलं कोणी तरी उभं होतं. आमच्या मातीने कापूस दिला नाही, पण कापसाचं सूत करणारी माणसं दिली. माटुंग्याला 1924 पासून कापसाच्या तंतूची तपासणी आणि संशोधन करणारी सरकारी संस्था आहे, तीही याच गिरण्यांच्या मुंबईत उभी राहिली.

लेबल आणि पट्टी

पेटीवर ‘देवगड हापूस’ छापलेलं असतं आणि आत काय असतं ते आपण जाणतो. कापडात तपासणं आणखी अवघड, कारण कापसाला वास नाही. 2016 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या दुकानसाखळीला ‘इजिप्शियन’ म्हणून विकलेल्या चादरी मागे घ्याव्या लागल्या, आत दुसराच कापूस होता. शिवाय खुद्द इजिप्तमध्येही सगळी वाणं अतिलांब नाहीत, हे वर आलंच. ‘थ्रेड काउंट 1000’, म्हणजे चौरस इंचात 1000 धागे, या आकड्यावरही भाळू नका. दुपदरी-तिपदरी सुताचा प्रत्येक पदर सुटा मोजला की आकडा फुगतो, कापड तलम होत नाही.

मी गिऱ्हाइकांना एक सोपा उपाय सांगतो. शिवणीच्या आतल्या बाजूचा एक धागा काढा. दोन्ही हातांत बोटभर अंतरावर धरून उलट पीळ द्या, म्हणजे तो सैल होईल. मग अगदी हळू ओढा. तंतू न तुटता एकमेकांवरून सरकून सुटे होतील. काळ्या कापडावर ठेवा आणि शाळेच्या पट्टीने मोजा. पाच-दहा तंतू मोजले की अंदाज येतो. बहुतेक 20-25 मिलिमीटर भरले तर साधा कापूस, 32-35 दिसायला लागले तर लेबल खरं असण्याची शक्यता आहे. एक सावधगिरी: सगळेच तंतू अगदी एकसारख्या लांबीचे, 38 मिलिमीटरला कापल्यासारखे निघाले, तर आनंद मानू नका. ते यंत्राने कापलेलं पॉलिस्टर असतं. काडी लावून पाहा, वितळून कडक मणी झाला की समजा. कापसाची राख होते, कागदासारखा वास येतो.

आणि दर कपड्याला अतिलांब धागा लागतोच असंही नाही. अंग पुसायचा पंचा, गोधडीचं अस्तर, सतरंजी यांना आखूड, जाडसर देशी कापूसच बरा. तो पाणी चटकन ओढतो. मेघालयातल्या गारो टेकड्यांवरचा अतिशय आखूड, रखरखीत देशी कापूस दवाखान्याच्या कापसासाठी याच गुणामुळे नावाजलेला आहे. आपल्या मे महिन्याच्या घामात अंगावर हवा तो तलम, पण सैल विणीचा सदरा. खांद्यावर टाकायला हवा तो पंचा.

दोन वर्षांपूर्वी मी स्वतः मुंबईतल्या एका दुकानातून महागडी ‘इजिप्शियन’ चादर आणली होती. सहा धुण्यांत तिच्यावर गोळे आले. एका रविवारी तिची कड उसवून धागा काढला, तंतू सुटे केले, पट्टी लावली. एकही 25 च्या पुढे गेला नाही. पट्टी हातात होतीच, म्हणून अंगणात जाऊन देवकापसाचं एक बोंड तोडलं आणि तेही मोजलं: 22 मिलिमीटर. मग सावरीची एक पिंजर घेतली आणि दोन्हींच्या वाती वळल्या. देवकापसाची पहिल्याच वळणात घट्ट बसली. सावरीची अजून उलगडतेच आहे.